दाताच्या नळ्यांत शिरणारे सूक्ष्म यंत्रमानव

रूट कॅनाल केलेला दात काही महिन्यांनी पुन्हा ठणकू लागला की आपण म्हणतो, "डॉक्टरांनी नीट केलं नाही." पण दर वेळी चूक डॉक्टरांचीच असते असे नाही. त्यासाठी दात आतून समजून घेऊ.

दाताच्या कठीण आवरणाखाली डेंटिन नावाचा थर असतो. त्यात असंख्य बारीक नळ्या असतात. एका नळीची रुंदी साधारण १ ते २ मायक्रोमीटर. हजार मायक्रोमीटर म्हणजे १ मिलिमीटर. रूट कॅनालमध्ये सडलेली नस काढून पोकळी जंतुनाशकाने धुतात. तरीही एन्टेरोकॉकस फिकॅलिससारखे जिवाणू या नळ्यांत खोल दडून राहतात. तिथवर औषध पोहोचले नाही, की संसर्ग पुन्हा डोके वर काढतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अंबरीश घोष आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी यावर काम केले. त्यांनी सिलिकाचे स्क्रूसारखे पीळ असलेले कण बनवून त्यांवर लोखंडाचा थर दिला. या कणांत ना बॅटरी, ना मोटर. बाहेरून कमी शक्तीचे चुंबकीय क्षेत्र फिरवले की कण गरगरत पुढे सरकतो.

स्क्रूच का? एवढ्या लहान वस्तूला पाणीसुद्धा मधासारखे चिकट होते. तिथे नुसते मागेपुढे वल्हवले तर वस्तू जेवढी पुढे जाते तेवढीच मागे येते. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ साली एका व्याख्यानात हे समजावले होते. फिरणारा पीळ मात्र वाट काढतो. अनेक जिवाणूही आपली पिळदार शेपटी फिरवूनच पोहतात.

२०२२ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काढलेल्या दातांत हे कण २००० मायक्रोमीटर, म्हणजे २ मिलिमीटर खोल गेले. मग चुंबकीय क्षेत्र बदलून त्यांना तापवले, तेव्हा जवळचे जिवाणू मेले. उंदरांवरील चाचणीतही ते सुरक्षित आढळले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. "नॅनो उपचार" म्हणून कोणी जादा पैसे मागितले, तर दोन प्रश्न विचारा : माणसांवर चाचणी झाली आहे का? सरकारी मान्यता आहे का? उत्तर लेखी मागा.

तोवर आपल्या हातात काय आहे?

• फ्लोराइडच्या पेस्टने दिवसातून दोनदा दात घासा.
• दुखऱ्या दाताला मिश्री लावू नका. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो.
• गाल सुजून ताप आला तर घरी थांबू नका.
• खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे कमी खर्चात उपचार होतात.

आणि घरातल्या मुलामुलींना हे जरूर सांगा : दाताच्या या कामाला दंतवैद्यकाइतकेच भौतिकशास्त्र लागले. विज्ञानाची पदवी घेणाऱ्या मुलीलाही रुग्णसेवेचा हा रस्ता मोकळा आहे.