गव्हाण रिकामी राहता कामा नये

"सर, डेटा सेंटर म्हंजे ते फोन घेत बसायचं कॉल सेंटरच की?"

मेहकरच्या एका मामांनी हे विचारलं. मेहकर म्हणजे आमचं कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातलं, बुलढाण्याचं नव्हे. शेजारी त्यांची मुलगी बसलेली. लातूरला दोन वर्षं ठेवली होती, डॉक्टरकीचं काही जमेलसं दिसत नाही, आता कॉम्प्युटर घेते म्हणते. मी हैदराबादला स्टोरेजच्या कामात आहे हे कळल्यापासून सुट्टीत गावाकडे आलो की ओट्यावर अशी एक-दोन घरं येऊन बसतातच. सगळ्यांना एकच सांगून पाठवायचं असेल तर काय सांगावं, याचा विचार करता करता हा लेख झाला.

मामांना मी कारखान्याचं उदाहरण दिलं. साखर कारखान्याची मिल कितीही मोठी असो, गव्हाणीत ऊस पडला नाही तर ती रिकामी फिरते. त्या दिवशी पाटीवर 'नो केन' लिहितात आणि तोटा मोजतात. शिवारात ऊस उभा असतो, मिलही धडधाकट असते, अडलेलं असतं ते मधलं: गाड्या, रस्ता, वजनकाटा, रांग. डेटा सेंटरचंही तसंच आहे. हिशेब करणारे सर्व्हर म्हणजे मिल, माहिती साठवणाऱ्या पेट्या म्हणजे शिवार, आणि या दोन्हींमधल्या वाहतुकीला म्हणतात स्टोरेज नेटवर्क. फोन घ्यायचं काम त्यात कुठंच नाही.

पूर्वी या मधल्या रस्त्याची कोणी फारशी फिकीर करत नसे. फिरत्या तबकडीच्या डिस्कला एक नोंद शोधायला आठ-दहा मिलीसेकंद लागत. शिवारातच तोडणी इतकी संथ असेल तर रस्ता कसाही चालतो. मग चिपवरच्या डिस्क आल्या. त्यांना तेच काम करायला शंभरेक मायक्रोसेकंद पुरतात, म्हणजे शंभराव्या हिश्शाइतकाच वेळ. त्यांच्याशी बोलायची नवी रीत, एनव्हीएमई, २०११ साली ठरली आणि तीच रीत नेटवर्कवरून चालवायचा नियम २०१६ साली आला. तोडणी झपाट्यानं व्हायला लागल्यावर सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे गेलं.

रस्ते मुख्यतः तीन. फायबर चॅनेल, इथरनेट आणि इन्फिनिबँड.

बँका आणि मोठी इस्पितळं अजूनही फायबर चॅनेलवर विसंबतात, याचं कारण आमच्याकडच्या कोणत्याही ऊसवाल्याला लगेच कळेल. समोरच्यानं 'माझ्याकडे इतक्या गाड्यांची जागा आहे' असं टोकन दिल्याशिवाय फायबर चॅनेल गाडी सोडतच नाही, त्यामुळे वाटेत माल सांडत नाही. इथरनेटचा स्वभाव वेगळा. १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं हे बेणं गाड्या सोडून मोकळं होतं. यार्ड भरलं तर गाडी टाकून देतात, पाठवणारा पुन्हा पाठवतो. स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, म्हणून जगभर तेच पसरलं. इन्फिनिबँड या दोघांच्या नंतरचं, १९९९च्या सुमाराचं. त्याची खुबी अशी की एका यंत्रातला माल थेट दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत जाऊन पडतो, दर खेपेला मुकादमाला म्हणजे प्रोसेसरला उठवावं लागत नाही. पुढे ही युक्ती इथरनेटनंही उचलली.

एआय आल्यावर या मधल्या रस्त्याला सोन्याचा भाव आला. हजारो जीपीयू एकच मोठं गणित वाटून घेतात आणि दर पायरीनंतर आपापली उत्तरं एकमेकांना कळवतात. त्यात एकाला उशीर झाला की बाकीचे थांबून राहतात. एनव्हिडियानं २०२० साली सुमारे सात अब्ज डॉलर मोजून मेलॅनॉक्स ही इन्फिनिबँडवाली कंपनी घेतली ती याचसाठी. २०२३ साली बाकीच्या मोठ्या कंपन्यांनी मिळून अल्ट्रा इथरनेटचा घाट घातला, तोही याच उशिराच्या धाकानं. "एआयमुळे नोकऱ्या जातील का?" असं पालक विचारतात. काही कामं जातील. पण एआयचं पोट भरायला जी केबल टाकावी लागते, ती टाकणाऱ्याचं काम सध्या तरी वाढतंय.

हे सगळं अमेरिकेतच होतं असं समजू नका. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या पुढाकारानं १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. तेव्हाच्या बातम्या वेगावर लिहिल्या गेल्या. माझ्या मते खरी कसोटी होती ती अनेक छोट्या प्रोसेसरांना एकमेकांशी बोलतं करण्याची. सी-डॅकनं पुढे परमनेट नावाचं स्वतःचं जोडजाळं केलं, अलीकडे त्रिनेत्र केलं. २००७च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्याच सीआरएलमधला टाटांचा 'एका' महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. त्याचे रॅक सरळ रांगांत न मांडता जवळजवळ वर्तुळात मांडले होते, केबल कमी लांबीच्या लागाव्यात म्हणून. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

लांबी का नडते? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मीटरला पाच नॅनोसेकंद. ऐकायला काहीच नाही. पण मुंबईतल्या बँकेची जुळी प्रत सातशे किलोमीटरवर हैदराबादला ठेवली तर 'पोचलं' हा निरोप परत यायला किमान सात मिलीसेकंद जातात, आणि प्रत्येक व्यवहार तेवढा वेळ ताटकळतो. म्हणून क्षणाक्षणाला जुळणारी प्रत जवळपासच ठेवतात आणि लांबची प्रत थोडी मागं राहिली तरी चालवून घेतात. हा हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्राचाच आहे. मुलीला तो ओट्यावर बसून तोंडी करता आला, तेव्हा मामा पहिल्यांदा जरा सैल झाले.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री दोन वाजता एका दुव्यावर चुका वाढायला लागल्या. दुवा तुटत नव्हता, नुसता खोकत होता. मी केबल जिथं लागते तो ट्रान्सीव्हर बदलला. पुन्हा बदलला. केबल बदलली. पहाटे वरिष्ठ आले, त्यांनी खिशातून स्कोप काढून केबलचं टोक पाहिलं आणि मला पाहायला दिलं. गोल, चकचकीत काच, तिच्या मधोमध पन्नास मायक्रॉनचा गाभा, डोक्याच्या केसाहूनही बारीक, आणि त्यावर माझ्याच बोटाचा तेलकट ठसा. नवी केबल जोडताना मीच टोकाला हात लावला होता. आधी बघायचं, मग पुसायचं, पुन्हा बघायचं आणि मगच जोडायचं, हे मी त्या रात्री शिकलो. पुसायला शर्ट चालत नाही, कापूसही नाही.

दुसरं काम वाटणीचं. मोठ्या स्टोरेजचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या सर्व्हरना देतात. त्या पट्ट्याला लन म्हणतात आणि कोणाला कोणाचं दार दिसावं हे ठरवण्याला झोनिंग. चुकून एकच पट्टा दोन असंबंधित सर्व्हरना दिला की दोघंही त्यात लिहीत सुटतात. एकाच तुकड्यात दोन भावांनी पेरल्यासारखं होतं, आणि इथं पंचनाम्यालाही काही उरत नाही. शिवाय एक वाट अडली तरी काम थांबू नये यासाठी प्रत्येक सर्व्हरला दोन स्वतंत्र वाटा असतात, ए आणि बी. बदल करायचा तो आधी एका बाजूला, तपासायचा, मग दुसऱ्या बाजूला. या कामाला हुशारीपेक्षा शिस्त जास्त लागते. घाईच्या माणसाला मी यात येऊ नकोस म्हणतो, मार्क कितीही असोत.

शिकायचं कुठं? घराजवळ भालकीत भीमण्णा खंड्रे इन्स्टिट्यूट आहे, बीदरला गुरू नानक देव इंजिनिअरिंग कॉलेज, कलबुर्गीला १९५८ पासूनचं पीडीए. आपल्या भागाला घटनेच्या ३७१-जे कलमाचा आधार आहे. कल्याण कर्नाटकातल्या संस्थांत ७० टक्के आणि राज्याच्या इतर भागात ८ टक्के जागा स्थानिकांसाठी आहेत. त्यासाठीचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. महाराष्ट्रात शिकायचं असेल तर तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या नियमांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकार आहे. आपलं गाव त्यांच्या यादीत आहे का, हे अर्ज भरण्याआधी बघा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी या प्रवेश परीक्षेनं थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्या वाटेनं आलेली मुलं केबलला हात लावायला बिचकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. शाखा कॉम्प्युटरचीच हवी असंही नाही. इलेक्ट्रॉनिक्स चालतं. इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलवाल्यांना तर वीज आणि थंडाव्याचं काम त्याच इमारतीत असतं.

नोकरीला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बेंगळूर असतं. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत आहे हे कोणी लक्षातच घेत नाही. ॲमेझॉननं २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तिथं आपला विभाग सुरू केला, मायक्रोसॉफ्टनंही त्याच वर्षी तिथल्या मोठ्या गुंतवणुकीची घोषणा केली. पश्चिमेला ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल हा पट्टा आहे, कारण समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत वर येतात. पण एक गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी: डेटा सेंटरची इमारत अवाढव्य असते आणि आत माणसं मोजकीच. गुंतवणुकीचे कोटींचे आकडे वाचून तितक्या नोकऱ्या धरू नका. स्टोरेज आणि नेटवर्कची बरीच माणसं त्या इमारतीत नसतातच, ती सेवा देणाऱ्या कंपन्यांत आणि बँकांच्या कार्यालयांत बसून दुरून काम करतात.

आणि 'फायबर चॅनेल एक्स्पर्ट तीन महिन्यांत' असल्या जाहिरातींना पैसे देऊ नका. २००९च्या आसपास फायबर चॅनेल इथरनेटवरून चालवायची एक रीत आली होती. आता सगळं यातच, असा तिचा गवगवा होता. तिच्यासाठी कोर्स केलेले माझे मित्र आज त्याचं नावही काढत नाहीत. पण आयपी पत्ता, लिनक्स, माहिती कशी वाहते आणि कुठं अडते हे ज्यांनी नीट शिकून घेतलं, त्यांचं काही अडलं नाही. एनपीटीईएलवर संगणक नेटवर्कचे धडे फुकट आहेत. नेटवर्कची सीसीएनए ही परीक्षा द्यावी, पण पाया झाल्यावर.

"रातपाळी असती का?" मामांनी शेवटी हळूच विचारलं. असते. बदल करायची परवानगी लोक झोपल्यावरच मिळते. कंपनीनं रात्री ने-आण करायची गाडी दिलीय का, पाळ्या कशा लावतात, हे मुलाखतीतच विचारायचं. विचारलं म्हणून नोकरी जात नाही. इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमाच्या प्रत्येक घरात असते. या कामात फाडफाड बोलण्यापेक्षा मॅन्युअल नीट वाचता येणं आणि काय केलं ते चार ओळींत लिहिता येणं जास्त उपयोगी पडतं.

मुलीनं विचारलं, घरी काय करून बघू? जुना लॅपटॉप असला तरी चालेल. त्यात दोन आभासी यंत्रं चढव, दोन्हींवर लिनक्स. एकावर आयस्कझी टार्गेट, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क देणारं दार, बनवून त्यातला थोडा पट्टा दुसऱ्याला दे. दुसऱ्याला ती आपलीच डिस्क वाटेल. मग तिच्यावर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लाव आणि मध्येच नेटवर्क तोड. कॉपी थांबते, लटकते की चूक दाखवते? पुन्हा जोडल्यावर फाइल शाबूत असते का? किती सेकंदांनी काय झालं ते वहीत लिहून ठेव. मुलाखतीला येशील तेव्हा ती वही आण, मी आधी तीच बघेन.