रैनबसेऱ्यातील खाटांचे गणित

रुग्णालय चालविणाऱ्या प्रत्येकास ‘बेड ऑक्युपन्सी’ ही संज्ञा परिचयाची आहे. मध्यरात्रीच्या मोजणीत किती खाटांवर रुग्ण आहेत हे पाहून आपण परिचारिकांची संख्या ठरवितो, औषधांचा साठा ठरवितो आणि नवा कक्ष बांधावा की नाही याचाही निर्णय घेतो. ज्यांना घर नाही अशा माणसांच्या रात्रीच्या निवाऱ्यालाही, म्हणजे आपल्याकडच्या रैनबसेऱ्यालाही, हेच गणित लागू पडते. मात्र तेथे ते चुकले तर त्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. म्हणूनच हा विषय वैद्यकीय व्यावसायिकांपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडावासा वाटतो.

निवाऱ्याचे मापदंड

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे 9.4 लाख शहरांत होती. ही मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, सिमेंटच्या मोठ्या नळांत, फलाटावर वा देवळाच्या ओट्यावर जे त्या रात्री सापडले, तेवढेच मोजले गेले. 2021 साली अपेक्षित असलेली जनगणना पुढे ढकलली गेल्याने नियोजनाचा आधार दीर्घकाळ हाच आकडा राहिला.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्याचे मापदंड घालून देण्यात आले. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 माणसांची कायमस्वरूपी सोय असावी आणि प्रत्येक माणसास किमान 50 चौरस फूट जागा मिळावी, असे ते मापदंड होते. 2011 साली इंदूरची लोकसंख्या सुमारे 20 लाख होती. या हिशेबाने एकट्या इंदुरास 2000 माणसांची सोय हवी. ही तरतूद प्रत्यक्षात किती झाली हे पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कागदावरील निवारा आणि जमिनीवरील निवारा यांची पडताळणी करण्याची गरज न्यायालयासही भासली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

खाट कशास म्हणावे?

ऑक्युपन्सी काढण्याची रीत सोपी आहे. निवाऱ्यात झोपलेल्या माणसांच्या रात्रींची बेरीज करावी, तिला उपलब्ध खाट-रात्रींनी भागावे आणि शंभराने गुणावे. खरी अडचण भागाकारात नसून ‘उपलब्ध खाट’ कशास म्हणायचे, यात आहे.

अमेरिकेच्या गृहनिर्माण व नागरी विकास खात्याने याची एक पद्धत बसविली. जानेवारीच्या अखेरच्या दहा दिवसांतील एक रात्र निवडून माणसे आणि खाटा दोन्ही मोजावयाच्या. खाटांची वर्गवारीही करावयाची : वर्षभर चालू असलेल्या, केवळ हंगामापुरत्या आणि गर्दी झाल्यास ऐनवेळी टाकलेल्या. शिवाय कुटुंबांसाठीच्या खाटा वेगळ्या आणि एकट्या माणसांसाठीच्या वेगळ्या. राष्ट्रीय अहवालाची माहिती तपासताना वापराचे प्रमाण 65 टक्क्यांहून कमी किंवा 105 टक्क्यांहून जास्त आले, तर आकडे पुन्हा तपासण्यास सांगितले जात असे. प्रयोगशाळेचा अहवाल रुग्णाच्या लक्षणांशी जुळला नाही की आपण चाचणी पुन्हा करवून घेतो, तसाच हा प्रकार.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, एका रैनबसेऱ्यात 60 खाटा आहेत. जानेवारीच्या 31 रात्रींत एकूण 1860 खाट-रात्री उपलब्ध झाल्या आणि हजेरीपटावर 1488 नोंदी आढळल्या. ऑक्युपन्सी बरोबर 80 टक्के आली. अहवाल वाचणारा समाधानाने म्हणेल, ‘पाचातली एक खाट रिकामीच आहे, नव्या निवाऱ्याची गरज नाही.’

आता हेच आकडे उलगडून पाहू. 60 पैकी 20 खाटा महिला कक्षात आहेत. तेथील 620 खाट-रात्रींपैकी केवळ 186 वापरल्या गेल्या, म्हणजे 30 टक्के. पुरुष कक्षातील 40 खाटांच्या 1240 खाट-रात्रींवर 1302 नोंदी आहेत, म्हणजे 105 टक्के. एक कक्ष ओस, तर दुसरा ओसंडलेला; आणि दोहोंची सरासरी मात्र निर्दोष!

आणखी एक पायरी खाली उतरू. पुरुष कक्षात 21 रात्री प्रत्येकी 32 माणसे होती. कडाक्याच्या थंडीच्या 10 रात्री प्रत्येकी 63. म्हणजे त्या 10 रात्री 40 खाटांच्या कक्षात 23 माणसे जमिनीवर झोपली. त्या रात्रींची खरी ऑक्युपन्सी 157 टक्क्यांवर जाते. निवाऱ्याची कसोटी ज्या रात्री लागते, नेमकी तीच रात्र मासिक सरासरीत विरघळून जाते. म्हणून सरासरीबरोबर सर्वाधिक गर्दीची रात्र आणि त्या रात्री दारातून परत गेलेल्यांची संख्या नोंदविणे अगत्याचे ठरते.

याहून फसवा प्रकार भाजकाचा आहे. हा पुरुष कक्ष 2000 चौरस फुटांचा असेल, तर 50 चौरस फुटांच्या मापाने त्याची क्षमता 40 माणसांचीच राहते. व्यवस्थापकाने दाटीवाटीने 20 खाटा वाढविल्या, तर गर्दीच्या रात्रीची ऑक्युपन्सी कागदावर 157 वरून 105 टक्क्यांवर उतरेल. माणसे तितकीच, जागा तितकीच, हवाही तितकीच! म्हणून क्षमता खाटांवरून न ठरविता क्षेत्रफळावरून ठरवावी, हे उत्तम.

रिकामी खाट काय सांगते?

रिकामी खाट म्हणजे गरज संपली, असा अर्थ लावणे घाईचे होईल. महिला कक्षाचे दार पुरुष कक्षातून जात असेल, प्रसाधनगृहास कडी नसेल, रात्री महिला कर्मचारी नसेल, तर बाई पदपथावर परिचितांच्या सोबतीने झोपणे अधिक सुरक्षित मानते. नवरा-बायकोस वेगळे झोपावे लागते म्हणून कुटुंब येत नाही. हातगाडी बाहेर ठेवली तर चोरीस जाईल म्हणून मजूर येत नाही. ओळखपत्र मागितले तर ज्याच्याजवळ काहीच नाही तो दारातूनच परततो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या नातेवाइकांना निवारा दोन मैल दूर असून उपयोग नसतो. संत गाडगेमहाराजांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, त्या माणसे जेथे जमत तेथेच. योग्य खाट योग्य जागी हवी, हा धडा त्यात आहे.

वैद्यकाचा संबंध

गर्दीचा थेट संबंध क्षयरोगाशी, खरजेशी आणि श्वसनाच्या संसर्गाशी आहे. खोकणाऱ्या माणसाशेजारी आणखी किती माणसे कोंडलेल्या हवेत झोपली, हा आकडा साथरोगशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे. दुसरा प्रश्न डिस्चार्जचा. मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झालेल्या बेघर रुग्णास आपण ‘सहा आठवडे विश्रांती’ लिहून देतो. पण ती कोठे घ्यायची? सकाळी रिकामा करावयाचा निवारा त्याच्या कामाचा नाही. त्याच्यासाठी दिवसभर उघडी, तळमजल्यावरची, मलमपट्टीची सोय असलेली खाट हवी आणि तिची गणना वेगळी व्हावी. बोस्टन शहरात 1985 साली बेघरांसाठी सुरू झालेल्या आरोग्यसेवेने अशा विश्रांतीच्या खाटांचा प्रारंभापासून आग्रह धरला.

मोजणीतून सुटलेल्या माणसाचे काय होते, हे इंदुराने 29 जानेवारी 2021 रोजी पाहिले. महापालिकेच्या गाडीतून निराधार वृद्धांना भर थंडीत शिप्रा गावाजवळ नेऊन उतरविले गेले. गावकऱ्यांनी हरकत घेतल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्या रात्री शहरात किती खाटा रिकाम्या होत्या आणि त्या या वृद्धांना चढता-उतरता येण्याजोग्या होत्या काय, हा प्रश्न तेव्हाच विचारला जावयास हवा होता.

आपणास काय करता येईल?

आपल्या परिसरातील रैनबसेऱ्यास हिवाळ्यात एकदा रात्री अकरानंतर भेट द्यावी आणि पाच गोष्टी टिपाव्यात : कक्षांचे क्षेत्रफळ, प्रत्यक्ष झोपण्यायोग्य खाटा, त्या रात्री झोपलेले स्त्री-पुरुष-मुले, जमिनीवर झोपलेले आणि परत पाठविलेले. त्याच वेळी जवळच्या स्थानकावर, बाजारात व रुग्णालयाच्या आवारात उघड्यावर किती झोपले आहेत, तेही मोजावे. माणसांना उठवू नये, छायाचित्रे घेऊ नयेत, नावे लिहू नयेत. खोकणारा किंवा जखमी आढळल्यास मात्र मोजणी बाजूस ठेवून आधी त्याच्याकडे पाहावे.

आतला आकडा आणि बाहेरचा आकडा एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून महापालिकेस सादर करावा. आत 20 खाटा रिकाम्या आणि बाहेर 50 माणसे थंडीत, असे दिसले तर दोष बाहेरच्यांच्या हट्टात शोधण्यापूर्वी निवाऱ्याचे दार, जागा आणि नियम तपासावेत, एवढी विनंती त्याच कागदावर करावी.