सत्कार्याच्या नांवानें विक्री

विद्यार्थी मित्रहो, व्यापार आणि परोपकार हीं परस्परविरोधी आहेत, असें पुष्कळांस वाटतें. परंतु अलीकडे आंतरजालावर लहानसें दुकान मांडून, 'या वस्तूच्या किंमतींतील कांहीं भाग अमुक सत्कार्यास जाईल,' असें जाहीर करून माल विकण्याची रीति बरीच वाढली आहे. आपल्यापैकीं कित्येक जण उद्यां हा उद्योग करतील, व आपले पालक तर आजच असा माल विकत घेत असतील. अशा विक्रींत सचोटी कशास म्हणावें, याचा आज आपण विचार करूं. त्यासाठीं प्रथम आपल्याच महाराष्ट्रांतील दोन स्थळांकडे पाहिलें पाहिजे.

बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली व वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें. भिक्षेनें मनुष्य खचतो व कामानें उभा राहतो, असा त्यांचा सिद्धांत होता. रोग्यांनीं तेथील खडकाळ जमिनींत भाजीपाला पिकविला; पण आरंभीं गांवचे लोक तो घेण्यास कचरत. भाजींत कांहीं उणें नव्हतें. ती पिकविणाऱ्या हातांची त्यांना भीति वाटे. पुढें देशोदेशींचे स्वयंसेवक येऊन त्याच रोग्यांसमवेत राबले, तेव्हां ती भीति ओसरूं लागली. कालांतरानें हातमागाचें कापड, शुभेच्छापत्रें इत्यादि वस्तु तेथें तयार होऊन बाहेर जाऊं लागल्या.

त्याच बाबांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तो वाढविला, आणि २००८ सालीं उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्या आरंभींच्या काळांत बाहेरचे व्यापारी माडिया लोकांकडून चारोळीसारखा मोलाचा रानमेवा मिठाच्या मोबदल्यांत घेऊन जात. ज्यास अंक ठाऊक नाहीं व बाजारभाव कळत नाहीं, तो असाच नागवला जातो. दवाखान्यापाठोपाठ १९७६ सालीं तेथें आश्रमशाळा निघाली, तिचें मोल या दृष्टीनेंही फार मोठें आहे.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत येते. जेथें तराजूनें एकदां फसविलें आहे, तेथील लोकांचें नांव घेऊन जो माल विकतो, त्याचा हिशेब इतर दुकानदारांहून अधिक चोख असला पाहिजे. अशा विक्रेत्याचीं कर्तव्यें मुख्यतः तीन आहेत.

पहिलें कर्तव्य मालाविषयीं. या अरण्यांत बांबू विपुल आहे. टोपल्या, सुपें, चटया विणण्याची कला येथें जुनी आहे. परंतु कोंवळा बांबू तोडला, किंवा तोडलेला बांबू पाण्यांत मुरवून अथवा योग्य औषध देऊन टिकाऊ केला नाहीं, तर त्यांतील पिष्टावर कीड पोसते व थोड्याच महिन्यांत टोपलीखालीं पिवळसर भुकटी पडूं लागते. दयेपोटीं मनुष्य एकदां सदोष टोपली घेईल. दुसऱ्यांदा घेणार नाहीं. नुकसान मात्र दुकानदाराइतकेंच त्या विणणाऱ्याचेंही होतें, कारण 'या लोकांचा माल असाच,' हा शेरा त्याच्या माथीं बसतो.

दुसरें कर्तव्य हिशेबाविषयीं. १९८३ सालीं अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनें न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठीं कार्डाच्या प्रत्येक वापरामागें एक सेंट व प्रत्येक नव्या कार्डामागें एक डॉलर देण्याचें ठरविलें, आणि सुमारें सतरा लक्ष डॉलर जमले. ही रीति जगभर पसरली, ती तेव्हांपासून. तींत आकडा स्पष्ट होता, हें विसरूं नये. आतां एक उदाहरण करून पाहूं. ४०० रुपयांची एक तबकडी आहे असें समजा. विणणाऱ्याची मजुरी १६०, बांबू व इतर साहित्य ४०, वेष्टन व टपाल ९०, पैसे चुकते करण्याचा आकार २०. एकूण खर्च ३१० व नफा ९० रुपये. 'नफ्याचा दहावा भाग' दिला, तर संस्थेस ९ रुपये मिळतात. 'विक्रीचा दहावा भाग' दिला, तर ४०. नुसतें 'दहावा भाग सत्कार्यास' असें लिहिलें, तर ग्राहक ४० समजतो व दुकानदार ९ देतो. हें असत्य नव्हे, पण सत्यही नव्हे. म्हणून रक्कम रुपयांतच लिहावी, ती कोणत्या संस्थेस केव्हां दिली हें प्रसिद्ध करावें, व संस्थेचें नांव तिच्या लेखी संमतीवांचून वापरूं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणारी जाहिरात हा दोष ठरतो, हेंही लक्षांत ठेवावें.

तिसरें कर्तव्य करणाऱ्याच्या मानाविषयीं. त्याचें छायाचित्र त्याच्या अनुमतीनें छापावें, आणि तें दैन्याचें नसून कौशल्याचें असावें. त्याची मजुरी ही देणगी नव्हे. ती त्याच्या हक्काची असून प्रथम चुकती झाली पाहिजे. तसेंच, पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा मार्ग वर्षानुवर्षें बंद पडत आला आहे. अशा प्रदेशांतून येणारा माल 'तीन दिवसांत पोहोंचेल' असें वचन देऊं नये. उशीर होईल हें आधींच सांगितल्यास समंजस ग्राहक थांबतो.

पालकांसही एक विनंती आहे. असा माल घेणें म्हणजे दान नव्हे. ती खरेदीच आहे, आणि देणगीवरील प्राप्तिकराची सवलत तिला सहसा मिळत नाहीं. म्हणून घेण्यापूर्वीं मुलांस जवळ बसवून तीन प्रश्न विचारावे: सत्कार्याचें नांव नसतें तरी ही वस्तु आपण घेतली असती काय? करणाऱ्यास किती मिळाले? संस्थेस किती गेले? उत्तर मिळत नसेल, तर वस्तु बाजूस ठेवावी व इच्छा असल्यास तेवढी रक्कम सरळ संस्थेस पाठवून पावती घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या स्नेहसंमेलनांत तुम्हीं मांडलेल्या लहानशा दुकानापासूनच ही संवय लावून घ्या. मालाचा गुण स्वतः पारखा, आणि जमाखर्चाची वही कोणीही पाहूं शकेल अशी उघडी ठेवा.