यार्कोनकाठचा ससाणा कसा ओळखावा?

मुंबईत असताना आकाशात घिरट्या घालणारा प्रत्येक मोठा पक्षी आमच्या लेखी घारच असे. तेल-अवीवला यार्कोन नदीकाठी फिरू लागल्यावर ही सवय मोडावी लागली.

प्रथम पंख पहावेत. ससाण्याचे पंख लांब व टोकाला निमुळते असतात. शिक्र्याचे रुंद व गोलसर. हिब्रूत ससाण्याला ‘बाझ’ म्हणतात, शिक्र्याच्या जातीला ‘नेत्स’. हिंदुस्तानातील शिकाऱ्यांचा ‘बाज’ मात्र शिक्र्याच्या कुळातला! तेव्हा नावावर जाऊ नये.

मग उडण्याची तऱ्हा पहावी. शेपटी पसरून, पंख फडफडवीत, हवेत एकाच जागी थांबून खाली गवतात पाहणारा तो केस्ट्रेल, म्हणजे लहान ससाणा. पाठ विटकरी, नराचे डोके व शेपटी करडी. उंदीर, सरडे, नाकतोडे हे त्याचे खाद्य. बहिरी ससाणा अंगाने भरदार, गालांवर काळ्या मिशा. तो उडत्या पक्ष्यावर वरून झडप घालतो. येथे तो मुख्यतः हिवाळ्यात दिसतो.

केस्ट्रेल स्वतः घरटे बांधीत नाही. खिडकीतल्या कुंडीतही अंडी घालतो. एका वसंतात आम्ही ती पारव्याची समजून कुंडी झाडायला निघालो होतो. पण पारव्याची अंडी पांढरी; ही तांबूस ठिपक्यांची होती. हात आवरला. पिल्ले उडेपर्यंत सुमारे दोन महिने कुंडीला पाणी घातले नाही. रोप वाळले, त्याचे वाईट वाटले नाही. वाचकांनीही झाडू उचलण्यापूर्वी अंड्यांचा रंग पहावा.