अवजाराच्या नकाशातला बोल्ट



ऊस बांधणीचा रिजर, पाचट कुट्टीचे यंत्र अशी अवजारे आता गावच्या वर्कशॉपमध्ये तयार होतात. डिप्लोमा झालेली आपलीच मुले त्यांचे नकाशे संगणकावर काढतात. चांगली गोष्ट आहे. पण बरेचदा ती बोल्टसुद्धा स्वतःच काढत बसतात. जुना नमुना मोजायचा, तो झिजून ११.६ मि.मी. भरला की तेवढाच काढायचा. असा बोल्ट तालुक्याच्या बाजारात कुठून मिळणार? मग ऐन बांधणीत यंत्र उभे आणि सभासदाचे हेलपाटे सुरू.

नट, बोल्ट, वायसर यांची तयार मॉडेले फुकट मिळतात. फ्रीकॅड हा विनामूल्य प्रोग्राम आहे. त्याला ‘फास्टनर्स’ नावाची जोड बसवून मानक क्रमांक, जाडी नि लांबी निवडली की बोल्ट समोर हजर. ट्रेसपार्ट्स या संग्रहात अनेक उत्पादकांची मॉडेले आहेत. मॅकमास्टर-कार या अमेरिकन विक्रेत्याच्या यादीतूनही मॉडेल उतरवता येते, पण तिथे इंची माल पुष्कळ, तेव्हा जपून. फाईल ‘स्टेप’ प्रकारची घ्यावी, ती बहुतेक प्रोग्रामांत उघडते.

शोधताना नुसते ‘बारा एमएम’ म्हणून भागत नाही. षटकोनी डोक्याच्या बोल्टसाठी आपले भारतीय मानक आयएस १३६४. त्यातला भाग १ म्हणजे अर्ध्या आट्यांचा, भाग २ पूर्ण आट्यांचा. आंतरराष्ट्रीय यादीत हेच आयएसओ ४०१४ आणि ४०१७. हा फरक किरकोळ समजू नका. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर सरकू पाहतात, त्या सांध्यात बोल्टचे गुळगुळीत अंग यायला हवे. आटे आले तर बोल्ट त्या खाचेतूनच तुटतो.

पान्याचेही तसेच. एम १२ च्या डोक्याला आयएसओप्रमाणे १८ चा पाना लागतो, जुन्या जर्मन डीआयएन मापाला १९ चा. आणि अर्धा इंच म्हणजे १२ मि.मी. नव्हे, १२.७. त्याचा नट एम १२ वर चढल्यासारखा वाटला तरी पकड धरत नाही, कारण आट्यांचे अंतर वेगळे.

आता मुख्य मुद्दा. मॉडेल आकार दाखवते, ताकद नाही. ४.६ दर्जाचा बोल्ट आणि ८.८ दर्जाचा बोल्ट पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. पहिला आकडा शंभरने गुणला की दर चौरस मि.मी.ला किती न्यूटन ताण सोसेल ते कळते, म्हणजे एकाला ४००, दुसऱ्याला ८००. सरळ दुप्पट! म्हणून नकाशाच्या सामान यादीत क्रमांक, माप नि दर्जा तिन्ही लिहून घ्या. दुकानात बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ चा शिक्काही पाहा.

मात्र कुट्टी यंत्राच्या पीटीओ शाफ्टला शिअर बोल्ट असेल, तर तिथे ‘जास्त दणकट’ बोल्ट घालण्याचा मोह नको. दगड अडकला की तो तुटावा आणि गिअर बॉक्स वाचावा, म्हणूनच तो बसवलेला असतो. उत्पादकाने सांगितलेल्या मापाचा नि दर्जाचाच घाला, आणि तसलेच दोन जादा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा.