रूप आणि कुळी

बसवकल्याणच्या वर्गात शब्दसिद्धी शिकवताना मी 'मान' हा शब्द घेतो. शरीराची मान संस्कृत 'मन्या'पासून आलेली, तर आदराचा मान तत्सम. रूप एक, कुळी दोन. हाच पेच मुळांवर गाठी आणणाऱ्या मेलॉयडोगायनी सूत्रकृमींच्या वर्गीकरणात आहे. १९४९ साली चिटवुड यांनी मादीच्या शेपटाकडील त्वचेवरच्या रेषा पाहून त्यांच्या जाती वेगळ्या केल्या. या रेषा म्हणजे जणू बोटांचे ठसे. १९८३ साली चीनमधून 'एन्टरोलोबाय' ही जात नोंदली गेली, १९८८ साली पोर्तो रिकोतून 'मायाग्वेन्सिस'. पुढे विकरे आणि डीएनए ताडून पाहिल्यावर दोन्ही एकच ठरल्या आणि आधीचे नाव राहिले. आपल्याकडचा 'समानार्थी' शब्द इथे अगदी चपखल बसतो! उलट, एन्टरोलोबायचे ठसे 'इन्कॉग्निटा'शी इतके मिळतेजुळते, की नुसत्या रूपावर विसंबणारा फसतो. (इन्कॉग्निटाचा लॅटिन अर्थच 'अनोळखी'.) ही फसगत महागात पडते. टोमॅटोतले 'एमआय' जनुक इन्कॉग्निटाला रोखते, एन्टरोलोबायला नाही. आणि ही जात तमिळनाडूतल्या पेरूबागांत आढळली आहे. शेतकरी दोन्हींना 'मुळाला गाठी आल्या' एवढेच म्हणतो. रोग सांगायला ते पुरेसे आहे, बियाणे निवडायला नाही.