यकृतातील एक दुर्मीळ गाठ

'ऊतके' हा पाठ शिकविताना मी नेहमी सांगतो की, पेशी ओळखणे हे केवळ परीक्षेपुरते नसते. त्यावर एखाद्याचे आयुष्य अवलंबून असू शकते.

समजा, पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील चाळिशीच्या एका बाईंच्या उजव्या बरगडीखाली सतत दुखते आहे. म्हापशाला सोनोग्राफी होते, यकृतात अनेक गाठी दिसतात. घरची माणसे हबकतात : दुसरीकडचा कर्करोग यकृतात पसरला! पुष्कळदा ही शंका खरी ठरते. पण नेहमीच नाही.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींपासूनही यकृतात गाठी होतात. त्यांपैकी एक म्हणजे एपिथेलिऑइड हीमॅन्जिओएन्डोथेलिओमा. नावाची फोड करू. 'हीमा' म्हणजे रक्त, 'अँजिओ' म्हणजे वाहिनी, 'एन्डोथेलियम' म्हणजे वाहिनीचे आतले अस्तर आणि 'ओमा' म्हणजे गाठ. 'एपिथेलिऑइड' म्हणजे एपिथेलियमसारखी दिसणारी. निदानातील चकवा या शेवटच्या शब्दातच आहे. कारण नेहमीचा कर्करोगही एपिथेलियमपासूनच होतो. वाइस व एन्झिंगर यांनी १९८२ मध्ये या गाठीला हे नाव दिले. १९८४ मध्ये ईशाक व सहकाऱ्यांनी यकृतातील अशा ३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

मग ती ओळखावी कशी? सी. टी. स्कॅनमध्ये गाठी बहुधा यकृताच्या कडेला दिसतात आणि तेथील आवरण आत ओढले गेलेले असते. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन सहसा वाढत नाही. पण हे झाले अंदाज, निर्णय बायॉप्सीचा. सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींत लहानशी पोकळी दिसते, क्वचित तीत एखादी तांबडी रक्तपेशीही! जणू एकटी पेशीच रक्तवाहिनी बनू पाहते. सीडी-३१, सीडी-३४ व ईआरजी या खुणांच्या चाचण्यांनी पेशींचे मूळ कळते. २०११ पासून डब्ल्यूडब्ल्यूटीआर-१ व सीएएमटीए-१ या जनुकांचा सांधाही ठाऊक झाला आहे. बहुसंख्य रुग्णांत तो सापडतो.

एवढा खटाटोप कशासाठी? यकृतात पसरलेल्या कर्करोगात यकृतरोपणाचा सहसा विचार होत नाही. या गाठी मात्र अनेक असल्या तरी निवडक रुग्णांत रोपण करता येते. काहींच्या गाठी वेगाने वाढतात, तर काहींच्या वर्षानुवर्षे संथ राहतात. म्हणजे नाव बदलले की उपचाराची दिशाच बदलते.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुढे मुंबईला जाताना लोक स्कॅनच्या फिल्मा आठवणीने नेतात. बायॉप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मात्र जिथल्या तिथे राहतात. तेही मागून घ्यावेत. दुसऱ्या तज्ज्ञाला त्यांवरून निदान पुन्हा तपासता येते.